पन्हळी पत्रा आणि करवतीचें पातें

३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. घरांवरील कौलें फुटलीं आणि पत्रे कागदाप्रमाणें उडून गेले. पावसाळा तोंडावर आलेला, आणि कित्येक गांवांत अनेक दिवस वीज नाहीं. अशा वेळीं नवे पत्रे हातीं आले, तरी ते मापाप्रमाणें कापावयाचे कशानें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक राहत नाहीं. करवतीचें पातें चुकीचें निवडलें तर पत्रा फाटतो. आणि न फाटतां कापला गेला तरी कापण्याची रीत चुकली असल्यास तो खाऱ्या हवेंत कडेकडेनें कुजूं लागतो.

पन्हळी पत्र्याची कल्पना जुनी आहे. लंडनच्या गोदीवरील इंजिनियर हेन्री रॉबिन्सन पामर यानें १८२९ सालीं तिचें पेटंट घेतलें. सपाट पत्रा हातांत धरला कीं वांकतो. त्यालाच वळ्या पाडल्या कीं तो ताठ उभा राहतो, हें त्यांतलें मर्म. पुढें १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यानें लोखंडावर जस्ताचा मुलामा चढविण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. या दोन युक्त्यांच्या संयोगानें आजचें हलकें व टिकाऊ छप्पर निर्माण झालें. घरावरील पत्रा बहुधा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जाड असतो. त्याचें हें पातळपणच करवतीला अडचणींत आणतें.

लोखंड कापण्याच्या हातकरवतीचें पातें साधारणतः १२ इंच लांबीचें असतें आणि त्यावर दर इंचास १४, १८, २४ किंवा ३२ दात असतात. जाड सळई कापावयाची तर विरळ दात चांगले. कारण दोन दातांमधील खळग्यांत कीस मावला पाहिजे. पातळ धातूचा नियम याच्या उलट आहे. कोणत्याही क्षणीं निदान ३ दात धातूवर टेकलेले असले पाहिजेत. एकच दात टेकला तर पत्र्याची कड दोन दातांमधील फटींत शिरते, हिसका बसतो, आणि एक तर दात मोडतो किंवा पत्रा फाटतो. जिन्याच्या पायऱ्यांत पाय अडकावा तसाच हा प्रकार होय.

म्हणून पत्र्यासाठीं ३२ दातांचें पातें घ्यावें, हें उघड आहे. परंतु येथें थोडा हिशेब करून पाहावा. ३२ दातांच्या पात्यांत एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंतचें अंतर सुमारें ०.८ मिलीमीटर असतें. पत्रा आहे अर्ध्या मिलीमीटरचा. म्हणजे करवत उभी धरली तर अत्यंत बारीक दातांचें पातेंसुद्धां नियमांत बसत नाहीं! यावर उपाय पात्यांत नाहीं, धरण्यांत आहे. करवत निजवून, पत्र्याशीं सुमारें १० ते १२ अंशांचा कोन करून चालविली, कीं तोच पत्रा दातांना अडीच-तीन मिलीमीटर जाड लागतो आणि तीन दात एकाच वेळीं धातूवर येतात. काकडीचा तिरपा काप आडव्या कापापेक्षां लांब होतो, तसेंच हें आहे. पन्हळी आडव्या कापतांना उंचवट्यावरून आरंभ करावा. पन्हळीच्या उतरत्या बाजूवर कोन आपोआप वाढतो, म्हणून तेथें हात हलका ठेवावा. आढ्यावर बसवावयाचा सपाट पत्रा असेल तर तो दोन फळ्यांमध्यें आवळून फळ्यांसकट कापावा. लांकूड दातांना आधार देतें आणि कड थरथरत नाहीं.

पातें चौकटींत बसवितांना दातांचीं टोंकें मुठीपासून पुढें रोखलेलीं असावीं आणि पातें घट्ट ताणलेलें असावें. दाब पुढें जातांना द्यावा, मागें येतांना नाहीं. मिनिटास ४० ते ५० फेरे पुरेत. घाई केल्यास पातें तापून बोथट होतें. ज्याचे केवळ दात कठीण केलेले असून पाठ लवचीक असते, असें पातें नवशिक्यानें घ्यावें. पूर्ण कठीण पातें जरा वांकडें चाललें कीं तुकडे होतात. पत्रा रुंद असल्यास चौकट कडेला अडते. तेव्हां पातें पाव फेरा फिरवून आडवें बसवितां येतें. पन्हळीच्या लांबीनें सरळ कापावयाचें असेल, तर मात्र करवतीचा हट्ट सोडून पत्रा कापण्याची कातर हातीं घेणें अधिक शहाणपणाचें.

वीज असली म्हणजे पुष्कळ जण ग्राइंडरला घासणारी चकती लावून मिनिटांत काम उरकतात. ठिणग्यांचा वर्षाव पाहून काम झपाट्यानें झाल्यासारखें वाटतें. पण किनाऱ्यावरील घरासाठीं ही घाई महाग पडते. जस्त सुमारें ४२० अंश सेल्सियसला वितळतें. चकतीची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असल्यामुळें कडेचा मुलामा जळून जातो. चांगल्या प्रतीच्या पत्र्यावरसुद्धां दोन्ही बाजूंस मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतें, म्हणजे एका बाजूचा थर मिलीमीटरच्या सुमारें पन्नासाव्या भागाएवढा. हेंच जस्त लोखंडापूर्वीं स्वतः झिजतें, आणि करवतीनें कापलेल्या उघड्या कडेलाही शेजारून संरक्षण देतें. तें जळालें कीं तो रक्षकच नाहींसा होतो. शिवाय ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. ते पत्र्याच्या पृष्ठावर रुततात आणि खाऱ्या दमट हवेंत तांबडे डाग पाडतात. यंत्रच वापरावयाचें तर पातळ धातूसाठीं बनविलेलें, कठीण दातांचें थंड कापणारें पातें घ्यावें. त्याची वेगमर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी नसावी. लांकडाचें पातें पत्र्यास लावूं नये.

काम संपल्यावर पत्र्यावर पडलेला कीस मऊ ब्रशानें त्याच दिवशीं झाडून टाकावा, कारण रात्रीच्या दंवांत त्याचाही गंज चढतो. कापलेल्या कडेवर जस्तयुक्त रंगाचा हात फिरवावा. हातमोजे व चष्मा यांचा आळस करूं नये. पातळ पत्र्याची कड सुरीसारखी असते.

पूर्वीच्या कुलाब्याचा, म्हणजे आतांच्या रायगडाचा किनारा दर वर्षीं पाऊस आणि खारें वारें सोसतो. तेथील छपराचें आयुष्य पत्र्याच्या किमतीवर जितकें अवलंबून, तितकेंच त्याच्या कापलेल्या कडेवर अवलंबून असतें. बारीक दात, निजलेली करवत आणि थंड काप, एवढें सांभाळलें तर अल्प किमतीचें एक पातें साऱ्या छपराची राखण करतें.