चावीसोबत वहीपण मागा

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. नव्याकोऱ्या एसयूव्हींच्या गर्दीत एखादी जुनी वॅगन आर, सँट्रो, आल्टो, नाहीतर चक्क मारुती ८०० हमखास दिसेल. रंग उडालेला, बंपरवर कुणीतरी रिव्हर्स घेताना ठेवलेली आठवण, डॅशबोर्डवर छोटासा गणपती. पण सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट!

अशा गाड्या आता हळूहळू आपल्या पिढीच्या हातात येतायत. घरात नवी गाडी आली, इकडे अठरा पूर्ण होऊन लायसन्स मिळालं, की जुनीची चावी आपल्याकडे सरकवली जाते. ‘हात बसेपर्यंत हीच चालव’ हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. मग आपण सीट कव्हर बदलतो, ब्लूटूथवाला स्टिरिओ बसवतो, एक स्टोरी टाकतो आणि पेट्रोल भरत राहतो. गाडी काय, विश्वासूच आहे! पण वीस वर्षांच्या गाडीचा भरवसा काही आपोआप टिकत नाही. घरातलं कुणीतरी वर्षानुवर्षं गुपचूप तिची कामं करत असतं. चावी आपल्याकडे आल्यावर ती कामं कोण करणार, ते मात्र कुणी ठरवत नाही.

या गाड्या टिकतात कशा?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन आणि अगदी हलकी बॉडी. सँट्रो १९९८ ची, वॅगन आर १९९९ ची, आल्टो २००० ची. या गाड्या इतक्या खपल्या की तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकलाही त्यांचं इंजिन तोंडपाठ झालं. नव्या गाड्यांसारखी सेन्सर आणि स्क्रीनची भाऊगर्दी त्यांच्यात नाही, त्यामुळे बिघाड शोधणं सोपं जातं.

पार्ट मिळतात, हेही मोठं कारण. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या भागात फिरलात तर जुन्या मॉडेलचे बरेच पार्ट सापडतात. पण घेताना एवढं लक्षात ठेवा, की एकाच पार्टचे साधारण तीन प्रकार असतात: गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला, त्याच कंपनीला माल पुरवणाऱ्या ब्रँडचा आणि लोकल. आरशाचं कव्हर किंवा दरवाजाचं हँडल लोकल घेतलं तर बिघडत नाही. ब्रेक, क्लच, स्टिअरिंग आणि बेल्ट यांत पैसे वाचवायला जाऊ नका.

दोनशे पानी वहीचं काम

आमच्याकडे २००८ ची वॅगन आर आहे. तिच्या ग्लव्ह बॉक्समध्ये एक दोनशे पानी वही असते. तारीख, किलोमीटर, काय काम केलं, किती पैसे गेले, असे चार रकाने. बाबांनी पहिल्या सर्व्हिसिंगपासून लिहिलेली. सुरुवातीला मला ते अगदीच ‘बाबा टाइप’ वाटायचं. आता नोंदी मी करते.

गेल्या वर्षी दिवाळीत साताऱ्याला जायचं ठरलं, तेव्हा वही चाळताना एक गोष्ट दिसली. तीन महिन्यांत दोनदा कूलंट टाकलं होतं. एकदा मी, एकदा बाबांनी, त्यामुळे वेगवेगळं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मेकॅनिककाकांना नोंदी दाखवल्या तर म्हणाले, “पाणी जातंय कुठे, ते बघू आधी.” रेडिएटरच्या खालच्या होजला क्लिपजवळ बारीक चीर गेली होती. काही शे रुपयांत काम झालं.

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढावा लागतो आणि सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते. चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढण. रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या तिथे नेहमी दिसतात. होज तिथे फुटला असता आणि काटा लाल रेषेवर असताना कुणी तशीच दामटली असती, तर हेड गॅस्केट आणि पुढे इंजिनच्या कामापर्यंत प्रकरण गेलं असतं. काटा वर चढायला लागला तर एसी बंद करायचा. तरी खाली येत नसेल तर सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करायचं. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी अंगावर उडतं.

अजून दोन नोंदी वहीत असायलाच हव्यात. पहिली टायमिंग बेल्टची. अनेक जुन्या इंजिनांत हा बेल्ट असतो. तो तुटण्याआधी सहसा काही सांगत नाही आणि तुटला की गाडी जागीच बंद पडते. कधी बदलायचा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ‘गेल्या वेळी कधी बदलला?’ याचं उत्तर घरात कुणालाच माहीत नसेल, तर बदलूनच टाका. दुसरी नोंद ब्रेक ऑइलची. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल धरलेलं ऑइल लांब उतारावर तापलं की ब्रेक पेडल मऊ पडतं. ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं.

परवडते का?

आता पैशांचं. जुन्या गाडीचं बिल आलं की घरात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग!’ ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशेब वेगळा मांडून बघा. सहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण १२,४५५ रुपये पडतो. म्हणजे वर्षाला जवळपास दीड लाख. जुन्या गाडीवर एखाद्या वर्षी ३० हजारांचं काम निघालं, तरी ते अडीच हप्तेसुद्धा होत नाहीत.

अर्थात पेट्रोलचा हिशेब धरायलाच हवा. मायलेज अंदाजाने सांगू नका, मोजा. पंपावर टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, गाडी वापरा आणि पुन्हा फुल करा. ४२० किलोमीटर झाले आणि २८ लिटर बसलं, तर १५ चं मायलेज. दर महिन्याला हा आकडा वहीत लिहिला, की अचानक १२ वर आल्यावर लगेच कळतं. टायरमध्ये हवा कमी असेल, एअर फिल्टर तुंबला असेल, ब्रेक चिकटत असेल.

सध्या पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला आहे. त्यामुळे सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलचे रबरी पाइप आणि जोड आवर्जून तपासायला सांगा. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर ‘जुनी आहे, येणारच’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि खरं सांगायचं तर, रोज एकट्याने कॉलेजला जायला बस किंवा लोकल कुठल्याही गाडीपेक्षा स्वस्तच पडते.

कागद बोलतात

‘१५ वर्षं झाली, आता भंगारात’ असे मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतात. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा तो वाद दिल्ली आणि एनसीआरमधला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं, पण आरटीओत गाडी दाखवून ते पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येतं. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. पूर्वी कारसाठी ही फी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० केली गेली. शिवाय आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा.

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते. महाराष्ट्रात कारसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी असा ठरला होता. पीयूसीची मुदत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षभर असते, त्याआधीच्या गाड्यांना सहाच महिने. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून टाका.

थर्ड पार्टी इन्शुरन्स तर कायद्यानेच बंधनकारक. जून २०२२ च्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला २,०९४ आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. ‘जुन्या गाडीला कशाला इन्शुरन्स’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की हा इन्शुरन्स गाडीसाठी नसतोच. आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर ती भरपाई यातून मिळते.

विश्वासू आणि सुरक्षित, दोन वेगळे शब्द

हा भाग जुन्या गाडीच्या प्रेमात पडलेल्यांना आवडत नाही. मलाही आवडत नाही. पण सकाळी न कुरकुरता स्टार्ट होणारी गाडी अपघातात आपल्याला वाचवेलच, असं नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या क्रॅश टेस्टचे निकाल जाहीर केले: आल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या मॉडेलमध्ये पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. ड्रायव्हरसाठी एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. आपल्या हातात येणाऱ्या बहुतेक गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

म्हणून मर्यादा आपणच घालायच्या. गावात, ओळखीच्या रस्त्यावर, बेताच्या वेगात ही गाडी उत्तम. पाच मित्र कोंबून रात्री दोन वाजता एक्स्प्रेसवेवरून लोणावळा? या गाडीने नको. मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावायचा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ते वाचायला शिका: ‘३२१९’ म्हणजे २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी कमी फिरल्यामुळे नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने कडक होतं आणि त्याला भेगा पडतात.

निरोप कधी द्यायचा, हेही याच हिशेबात बसतं. क्लच गेला, एसी गेला, बॅटरी बसली, ही सगळी खर्चाची दुखणी. ती बरी होतात. पण खालून चॅसिसला गंज धरला असेल, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं तिथला पत्रा खाल्ला गेला असेल, तर वरून रंग मारून पुढे ढकलू नका. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली की ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळतं आणि पुढच्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते. फोटो, आठवणी आणि डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा काढून ठेवा.

तर, घरात अशी गाडी असेल आणि ती तुमच्याकडे येणार असेल, तर या रविवारी तिला सांभाळणाऱ्या माणसासोबत एक तास काढा. आई असो, बाबा, काका, नाहीतर आजोबा. बॉनेट उघडायला लावा. डिपस्टिकवर ऑइल कसं बघायचं, जॅक कुठे लावायचा, कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला नवा, सगळं विचारून घ्या. वही नसेल तर त्यांना आठवतंय तोवर सुरू करा. पहिल्या पानावर गाडीचा नंबर, आजची तारीख आणि आजचे किलोमीटर लिहिले, तरी सुरुवात झाली.