हात बधिर होतोय? गाडीचं हँडलही तपासा

दर रविवारी विहाराच्या ओट्यावर आम्ही रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. मागच्या पावसाळ्यात एक रिक्षावाले दादा आले. रक्तदाब ठीक निघाला, साखरही ठीक. उठताना त्यांनी चहाचा कप उचलला आणि तो हातातून निसटला. हसून म्हणाले, "ताई, हे रोजचंच आहे. रात्री तीनला हात मेल्यासारखा होतो. झटकला की बरं वाटतं."

सोबत वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "मेडिकलवाल्याने ताकदीच्या गोळ्या दिल्यात. दोन महिने चालू आहेत, काही फरक नाही."

आम्ही विचारले, "दादा, हँडल थरथरतं का?"

"थरथरतं म्हणजे? सहा महिने इंजिन नुसतं नाचतंय. मालक म्हणतो, जुनी गाडी आहे, चालवून घे."

दादांच्या हाताचे दुखणे आणि गाडीचे दुखणे एकमेकांना जोडलेले होते. आपल्या वस्त्यांमध्ये रिक्षा, टेम्पो, स्कूटर आणि डिलिव्हरीच्या मोटारसायकलवर चालणारी घरे खूप आहेत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर थोडे गाडीबद्दलही बोलू.

थरथर येते कुठून?

इंजिनात पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो. त्यामुळे चालू इंजिन हलणारच. ती हालचाल चेसिसमध्ये आणि तिथून हँडलमध्ये जाऊ नये, म्हणून रिक्षात इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये रबर बसवलेले असते. मेकॅनिक त्याला इंजिन माउंटिंग म्हणतात. स्कूटरमध्ये हे काम रबरी बुश करतात.

उष्णता, गळणारे तेल, खड्डे आणि वय यांमुळे हे रबर कडक होते, चिरते किंवा लोखंडापासून सुटते. मग लोखंड लोखंडावर आपटते आणि सगळी थरथर थेट हातात येते. पुष्कळ मोटारसायकलींमध्ये असे रबर नसते, इंजिन बोल्टने थेट फ्रेमला बसवलेले असते. तिथे बोल्ट ढिले झाले की हाच त्रास सुरू होतो.

हाताचे काय होते?

हँडल जितके घट्ट धरू, तितकी थरथर हातात जास्त शिरते. रोज कित्येक तास, महिनोन्महिने असे झाले की बोटांतल्या बारीक नसा आणि रक्तवाहिन्या दुखावतात. शिवाय मनगटातून एक मोठी नस अरुंद बोगद्यातून हातात जाते. मनगट सतत वाकलेले आणि मूठ आवळलेली राहिली, तर तिथे सूज येऊन ती नस दबते. याला कार्पल टनेल म्हणतात.

हे ज्ञान नवे नाही. १९१८ साली डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकी डॉक्टर बाईंनी इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड इथे दगड घडवणारे कामगार तपासले. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरून त्यांची बोटे थंडीत पांढरी आणि बधिर पडत होती. आज आपल्याकडे ब्रेकर मशीनवर काम करणाऱ्या भावांनाही हाच धोका आहे. युरोपात २००२ सालच्या नियमाने कामावर हाताला किती थरथर बसू द्यायची याची मर्यादा घातली आहे. म्हणजे ही कामातून होणारी इजा आहे, कामगाराचा नाजूकपणा नाही.

गाडी तपासा

गाडी मोकळ्या, सपाट जागी उभी करा आणि न्यूट्रलमध्ये चालू करा. हँडलवर हात हलका ठेवून रेस हळूहळू वाढवा.

१. उभ्या गाडीतच हँडल जोरात थरथरत असेल, तर दोष इंजिनाच्या बाजूला आहे. माउंटिंग, बोल्ट, सायलेन्सरचा ब्रॅकेट पाहायला सांगा. प्लग नीट जळत नसेल तरी इंजिन असे हलते, तोही तपासा.

२. उभी असताना शांत, पण ठरावीक वेगाला थरथर येत असेल, तर टायर, रिम, चाकाचे बेअरिंग किंवा हँडलचा कोनसेट पाहा.

३. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल, तर दोष ब्रेकच्या ड्रममध्ये किंवा डिस्कमध्ये असू शकतो.

४. क्लच सोडताना धप्पकन आवाज येऊन इंजिन उडी मारत असेल, तर माउंटिंगवर दाट संशय घ्या.

मग इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरी लावून माउंटिंग पाहा. रबरला चिरा, तेलाने आलेली फूग, लोखंडावर घासल्याची चकाकी दिसली, तर रबर संपले. चालू इंजिनात हात घालू नका.

रबर मेले असेल तर नुसता बोल्ट आवळून भागत नाही. उरलेले रबर आणखी चेपते. जुन्या ट्यूबचा तुकडा कोंबणे हाही इलाज नाही. माउंटिंग बदलूनच घ्या. मोटारसायकलच्या हँडलच्या टोकांना लोखंडी वजने असतात, ती थरथर कमी करण्यासाठी असतात. पडली असतील तर परत लावा.

हात तपासा

गाडी सोडल्यावरही मुंग्या राहतात का? रात्री जाग येते का? अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि चौथ्याची अर्धी बाजू बधिर असेल, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. शर्टाचे बटण लावता येते का, नाणी मोजता येतात का? अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट झाला असेल, तर एक दिवसही थांबू नका.

मुंग्यांची कारणे इतरही असतात. मधुमेह, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मानेतली दबलेली नस. म्हणून तपासणी हवीच. अचानक एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा छातीत दुखून हात जड झाला, तर ते थरथरीचे दुखणे नाही. तडक मोठ्या रुग्णालयात जा.

काय करायचे?

सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या किंवा मेडिसिनच्या ओपीडीत जा. आपण कोणती गाडी चालवतो, दिवसाला किती तास आणि कधीपासून, हे आपणहून सांगा. ते सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो. गरजेप्रमाणे ते नसांची तपासणी करतील. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा सुरुवातीच्या दुखण्यात उपयोगी पडतो. दुखण्याच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नका, पोट आणि किडनी खराब होतात.

चालवताना मूठ सैल आणि मनगट सरळ ठेवा. तासाभराने थांबून बोटे उघडझाप करा. साधे हातमोजे हात उबदार ठेवतात, पण थरथर फारशी अडवत नाहीत. विडी, सिगारेट, तंबाखूने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, दुखणे वाढते.

गाडी भाड्याची असेल तर दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे, हे चारचौघांत सांगा. एकट्याचे ऐकत नसतील तर स्टँडवरच्या पाच-सहा जणांनी मिळून जा.

त्या दादांसोबतही स्टँडवरचे भाऊ गेले, तेव्हा मालकाने माउंटिंग बदलले. पट्टा बांधून दोन महिन्यांत दादांची रात्रीची झोप परत आली. पण अंगठ्याची पकड अजून पूर्वीसारखी नाही, आणि ती येईलच असे डॉक्टर सांगत नाहीत. जास्त काळ दबलेली नस पुरती भरून येईलच असे नसते. सहा महिने आधी कोणी विचारले असते, तर कदाचित एवढे झालेच नसते.

म्हणून आज घरी गाडी आली की विचारा, "हँडल थरथरतं का? हाताला मुंग्या येतात का?"