पाणी आटलं की लगाम सुटतो

२००७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या एका संशोधनाची बातमी जगभर गाजली. भांडी घासायचा स्पंज मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण शक्तीवर दोन मिनिटं ठेवला की त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त जंतू निकामी होतात, असं गॅब्रिएल बिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं होतं. त्यांचे स्पंज ओले होते. बातमी वाचून काहींनी कोरडेच स्पंज आत सरकवले. त्यांच्या स्वयंपाकघरात धूर झाला आणि स्पंज ओलाच हवा, हे पुन्हा ठासून सांगायची वेळ आली.

मायक्रोवेव्हमध्ये घालायच्या कापडी वस्तू आता घरोघरी शिवल्या जातात. गरम वाडगा हातात धरता यावा म्हणून त्याला घालायची जाड खोळ, बटाटे उकडायची पिशवी, गहू किंवा तांदूळ भरलेली शेकायची पिशवी. शिवायला सोप्या, भेट द्यायला छान. त्या सुरक्षित आहेत का, याचं उत्तर कापडापेक्षा पाण्याशी जास्त निगडित आहे.

ओव्हनमधल्या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या. पाण्याच्या रेणूचं एक टोक धनभारित, दुसरं ऋणभारित. लहरीबरोबर तो सारखी दिशा बदलू पाहतो, शेजारच्या रेणूंशी त्याची झटापट होते आणि त्यातून उष्णता तयार होते. पाणी १०० अंश सेल्सिअसला पोचलं की पुढची ऊर्जा वाफ होण्यात खर्ची पडते. म्हणून पातळ वरण कितीही वेळ ठेवलं तरी ते शंभराच्या फारसं पुढे जात नाही. ओलावा संपला की तापमान रोखणारं कोणी उरत नाही.

शिवणाऱ्यांमध्ये एक सल्ला पक्का रुजला आहे: कापड, आतला कापसाचा थर, दोरा, सगळं शंभर टक्के सुती घ्या. सल्ला चांगला आहे. ‘सुती म्हणजे निर्धोक’ हा त्याचा जो अर्थ लावला जातो, तो मात्र चूक. खरं तर लहरी शोषण्याच्या बाबतीत पॉलिएस्टर सुतापेक्षा साळसूद आहे. सूत हवेतला ओलावा धरून ठेवतं, वजनाच्या सात-आठ टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे सूत स्वतःच थोडं तापतं. पॉलिएस्टरचा दोष वेगळा. साधारण अडीचशे अंशांना ते वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीन तर १६० अंशांच्या आसपासच वितळतं. कापसाच्या तयार थरात तंतू सुटू नयेत म्हणून कधीकधी अशाच कृत्रिम धाग्यांची बारीक जाळी घातलेली असते. दुकानदार ‘कॉटनच आहे’ म्हणाला तरी अशी जाळी आहे का, ते विचारून घ्यावं.

सूत वितळत नाही, करपतं. आणि करपून तयार झालेला कोळसा लहरी जोमानं शोषतो. ओव्हनमध्ये लहरी सगळीकडे सारख्या पोचत नाहीत, काही जागा जास्त तापतात. तबकडी फिरती ठेवण्याचं कारण तेच. अशा जागी एक डाग काळा पडला की तोच अधिक तापतो, अधिक तापला की अधिक काळा पडतो, आणि हे चक्र पेट घेण्यापर्यंत जाऊ शकतं.

आपल्याकडे जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवण्याची जुनी सवय. त्याच हातांनी वाडग्याची खोळ शिवताना साडीचा काठ वापरायचा मोह होतो, आणि काठात जर असते. जुनी जर चांदी-तांब्याची, आताची बरीचशी धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीची. दोन्ही मायक्रोवेव्हला वर्ज्य. पहिलीतून ठिणग्या उडतात. दुसरीचं वागणं बघायचं असेल तर मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचं पाकीट आठवा: त्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर मुद्दाम दिलेला असतो, तो लहरी शोषून दोनशे अंशांच्या घरात जातो आणि त्यावर मका फुटतो. उष्णता अडवणारा म्हणून मिळणारा चकचकीत अस्तराचा थर याच जातीचा. सोनेरी छपाईचं कापड, चेन, टिचबटण, मास्कच्या नाकावरची तार, सगळं याच यादीत. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं मिशिगनमधल्या केंट डिस्ट्रिक्ट लायब्ररीचं एक पुस्तक कोणीतरी मायक्रोवेव्हमध्ये घातलं होतं. आतल्या धातूच्या टॅगमुळे ते करपलं.

वाडग्याच्या खोळीचा धोका त्या मानानं बेताचा. आत आमटी असते, तिच्यातलं पाणी बहुतेक ऊर्जा घेतं आणि काम दोन-तीन मिनिटांत उरकतं. तरी माझं मत विचाराल तर खोळ आत घालूच नये. ती हात भाजू नये म्हणून आहे ना? मग ती ओट्यावर पसरून ठेवावी, वाडगा फडक्यानं धरून बाहेर काढावा आणि तिच्यात ठेवावा. प्रश्न मिटला. बटाट्याच्या पिशवीबद्दल तर मी फार साशंक आहे. वेळ जास्त, बटाटा कोरडा पडत जाणारा आणि भोवती गुंडाळलेला कापूस.

खरी काळजी शेकायच्या पिशवीची. साधा हिशेब करू. अर्धा किलो तांदूळ, ८०० वॅटचा ओव्हन, आणि सगळी ऊर्जा तांदळानं घेतली असं धरलं, तर तापमान सेकंदाला जवळपास एक अंशानं चढतं. साठवलेल्या धान्यात साधारण १२ टक्के ओलावा असतो. दर वेळी तापवताना त्यातला थोडा वाफेवाटे जातो, म्हणजे काही महिन्यांपूर्वी दोन मिनिटं सहज सोसणारी पिशवी आज तितकी सोसेलच असं नाही. ब्रिटनमध्ये अशा पिशव्यांमुळे आगी लागल्या आणि २००४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं मानक आलं, बीएस ८४३३. जवसासारख्या तेलबियांबाबत तर अधिकच जपून राहावं. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या नुसत्या चोळामोळा करून ठेवल्या तरी आपोआप पेटू शकतात, हे रंगारी जाणतात.

तव्यावर पुरचुंडी शेकताना आपण ती हाताच्या पाठीला लावून बघतो. तिथे उष्णता बाहेरून आत जाते, म्हणून हाताला लागतो तोच सर्वांत तापलेला भाग. ओव्हनमधल्या पिशवीत मधला भाग बाहेरच्यापेक्षा जास्त तापलेला असू शकतो. वरून सोसवते म्हणून तीच पिशवी पांघरुणात घेऊन झोपलं तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून बाहेर काढल्यावर ती चांगली हलवावी, मिनिटभर थांबावं, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय पुन्हा तापवू नये. तापवताना शेजारी पाण्याचा पेला ठेवावा. पिशवी भिंतीला अडून तबकडी थांबत नाही ना, तेही पाहावं. करपल्याचा वास आला किंवा दाणे तपकिरी दिसले तर पिशवी गेली असं समजावं. आत पेटलीच तर दार उघडू नये. बटण बंद करावं आणि हात सुरक्षितपणे पोचत असेल तर प्लग काढावा.

मधुमेहानं पाय बधिर झालेल्या आजी-आजोबांना मात्र ही पिशवी देऊच नये. मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवून दिलं होतं की ४४ अंशांना, म्हणजे सोसवेल इतक्याच गरम वाटणाऱ्या तापमानालाही, सहा तासांत कातडी भाजते. साठ अंशांना काही सेकंद पुरतात. बधिर पायाला दोन्हींतला फरक कळत नाही. त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे बरे.