पायोरिया, मिश्री आणि चघळायची गोळी

लांज्यात दातांच्या खुर्चीत साठीची बाई बसली, की पहिल्यांदा विचारावंच लागतं : मिश्री लावता का? तव्यावर तंबाखू काळाठिक्कर होईपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि बोटाने हिरड्यांवर चोळत बसायचं. कोकणातल्या कित्येक घरांची ही सकाळ. मग ब्रश केला की रक्त येतं, दात लांब दिसायला लागतात, हलतात. याला सगळे पायोरिया म्हणतात. उपाय जुना आणि कंटाळवाणा : कीटण खरवडून मुळं साफ करायची. ‘साफ केले की दात हलतात’ ही भीती मात्र पक्की. दाताचं हाड आधीच झिजलेलं असतं. दातांना जखडून धरणारं कीटण निघालं की हे झिजणं उघड होतं, एवढंच.

या सफाईच्या जोडीला चांगल्या जंतूंची, म्हणजे प्रोबायोटिक, गोळी आली ती गेल्या वीसेक वर्षांत. दह्यातल्या जंतूंचे गुण शास्त्रज्ञ मेचनिकॉफने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगितले होते, पण तेव्हा लक्ष आतड्याकडे होतं. २००६ मध्ये स्वीडनमधल्या ५९ जणांच्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जंतूने हिरड्यांचं रक्त कमी झाल्याचं दिसलं. २०१० मध्ये शेजारच्या कर्नाटकात, दावणगेरेच्या दंतवैद्यांनी ३० रुग्णांवर तेच जंतू वापरून पाहिले. सफाई आणि गोळी दोन्ही मिळाली तिथे गुण सर्वांत चांगला आला. २०१३ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनीही बारा आठवड्यांच्या चाचणीत दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोल पॉकेटांत फरक नोंदवला. बाजाराला एवढं पुरे झालं.

मग हिशेब मांडला गेला. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट सांगितलं, पायोरियाच्या सफाईबरोबर प्रोबायोटिक नकोत. चाचण्या लहान, निष्कर्ष एकमेकांशी न जुळणारे. मला हा निर्णय रास्त वाटतो. सुरुवातीच्या चाचण्या खोट्या नव्हत्या, पण तीस माणसांवरून गावाला औषध लिहून द्यायचं नसतं.

‘मग ताक प्यायलो तर?’ हा प्रश्न येतोच. ताक पोटाला चांगलं, खुशाल प्यावं. पण ते घोटाबरोबर पोटात जातं आणि त्यातले जंतू चाचणीतल्या जातीचे असतीलच असं नाही. चघळायच्या गोळीतले जंतूही कायमचे वस्तीला राहत नाहीत. गोळी थांबली की काही आठवड्यांत लाळेत सापडेनासे होतात. म्हणजे डबी पुन्हा घ्यायची. तेवढे पैसे वाडीवरून एसटीने दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला यायला ठेवलेले बरे, आणि मिश्रीचा डबा त्याआधी बंद व्हायला हवा.