मालवणात दोन दिवस: किल्ला पाहावा, मासा ओळखावा

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की मुंबई-पुण्यातील अनेक दांपत्ये मालवणची वाट धरतात. दोन रात्रींचा मुक्काम, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग आणि स्कूबा डायव्हिंग अशी यादी, दोन्ही वेळच्या जेवणात सुरमई किंवा पापलेट, असा या सहलीचा साचा आता ठरून गेला आहे. यादी पुरी होते. मालवण मात्र बरेचसे पाहायचे राहून जाते. वास्तविक येथे पाहणे आणि जेवणे ही दोन कामे वेगळी काढताच येत नाहीत. ज्या खडकांनी किल्ल्याला संरक्षण दिले, त्याच खडकांच्या कपारींत मासळी वाढते आणि तीच संध्याकाळी बंदरावर येते. हा धागा हाती धरला तर दोन दिवस अपुरे वाटत नाहीत.

खडकांनी राखलेला किल्ला

मालवणच्या किनाऱ्यासमोरील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ केला आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या या जलदुर्गाचा विस्तार सुमारे ४८ एकर आहे. नागमोडी तटबंदी सुमारे तीन किलोमीटर लांबीची असून प्रवेशद्वार तटाच्या वळणात असे दडवले आहे की, समुद्रातून येणाऱ्याला ते सहजासहजी दिसू नये. पायाच्या दगडांत शिसे ओतण्यात आले होते. चहूकडे खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील शिवराजेश्वराचे मंदिरही येथेच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत सिंधुदुर्गाचा समावेश आहे.

मात्र या किल्ल्याचे खरे सामर्थ्य केवळ तटबंदीत नाही. बेटाभोवती पाण्याखाली आणि पाण्याबाहेर खडकांचे जाळे पसरले आहे. वाट ठाऊक नसलेल्या परक्या जहाजाला किल्ल्याजवळ येणे धोक्याचे होते. स्थानिक तांडेलाला मात्र त्यातून होडी कशी काढावी हे माहीत असे. म्हणून किल्ल्यावर जाताना होडीतून केवळ छायाचित्रे न काढता होडी कोणत्या वळणाने जाते आहे, तिकडेही लक्ष द्यावे. किल्ला पाहण्यास सकाळची वेळ उत्तम. ऊन कमी असते आणि तटावरून फिरता येते. होडी परतीसाठी ठरावीक वेळच थांबते, तेव्हा निघतानाच ती वेळ विचारून घ्यावी.

पाण्याखालचे मालवण

जहाजांना अडवणाऱ्या याच खडकांवर प्रवाळ वाढले आहेत. त्यांच्या आसऱ्याने अनेक जातींची मासळी वाढते. या परिसराचे महत्त्व ओळखून १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यात आले. आपल्या हक्काच्या समुद्रात वावरण्यावर बंधने येतील, या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. मासळी राखायची कशी आणि कोणी, हा प्रश्न तेव्हापासून येथे आहे.

अलीकडच्या काळात स्नॉर्केलिंग व स्कूबा डायव्हिंगमुळे हे पाण्याखालचे जग पर्यटकांना खुले झाले आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीत आहे. हिवाळ्यात पाणी निवळलेले असते, तेव्हा तळाचे दृश्य चांगले दिसते. प्रवाळ हे सजीव असतात. त्यावर पाय देणे, तुकडा तोडणे किंवा मासे जवळ यावेत म्हणून खाद्य टाकणे टाळलेच पाहिजे. सुरक्षेबाबतही भिडस्तपणा नको. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. होडीत प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे ना, क्षमतेपेक्षा अधिक माणसे नाहीत ना, हे पाहूनच पाय ठेवावा.

बंदरावरची संध्याकाळ

पहिल्या दिवसाची संध्याकाळ बंदरासाठी राखून ठेवावी. होड्या परतल्या की मासळीचा लिलाव सुरू होतो. टोपल्यांतील बांगडे, पेडवे, सौंदाळे, मुडदुशा यांची ओळख करून घेण्यास याहून चांगली जागा नाही. नशिबाने साथ दिली तर सकाळी किनाऱ्यावर रापणही पाहायला मिळते. होडीतून समुद्रात लांबवर सोडलेले जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढले जाते. अनेक माणसे एका लयीत दोर ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. गाबित समाजाच्या पिढ्या या मासेमारीवर जगल्या.

हे दृश्य आता पूर्वीइतके सहज दिसत नाही. यांत्रिक नौकांची पर्ससीन जाळी आणि प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी यांविरुद्ध मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तर २०२१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवण्यात आले. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा दर्जा देण्यात आला, त्यामागेही घटत्या उत्पादनाची चिंता होतीच.

ताटातले मालवण

मालवणी जेवण म्हणजे केवळ तिखट, हा समज शहरातील अनेक उपाहारगृहांनी रूढ केला. प्रत्यक्षात या स्वयंपाकाचा तोल तीन गोष्टींवर उभा आहे: नारळ, कोकम आणि मसाला. लाल मिरच्या, धणे आणि खडा मसाला भाजून कुटलेला मसाला उन्हाळ्यातच वर्षाच्या बेगमीसाठी करून ठेवतात. माशाच्या आमटीला बहुधा ओल्या खोबऱ्याचे वाटप लागते; कोंबडी-मटणाच्या सागोतीला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे. आंबटपणा कोकमाचा. बांगड्यासारख्या तेलकट, उग्र वासाच्या माशाला तिरफळाची जोड दिली जाते. जेवणाच्या शेवटी येणारी सोलकढी ही कोकमाचे आगळ आणि नारळाचे दूध यांची. तिखटाने तापलेल्या जिभेला ती शांत करते.

दोघांनी जेवायला बसताना एक साधी युक्ती करावी. दोन सारख्या थाळ्या न मागवता एकाने बांगड्याचा तिखला, दुसऱ्याने तिसऱ्यांचे सुके, असे वेगवेगळे पदार्थ घ्यावेत आणि वाटून खावेत. मागवण्यापूर्वी ‘आज काय ताजे आले?’ हा प्रश्न विचारावा आणि दरही विचारावा, कारण मासळीचा भाव आवकेनुसार रोज बदलतो. सर्वांनीच बारमाही सुरमई-पापलेट मागितले, तर खानावळवाल्याला ते बाहेरगावाहून किंवा शीतगृहातून आणावे लागते. त्या दिवशी स्थानिक होडीने आणलेला, स्वस्त आणि ताजा मासा मात्र मागे राहतो. तो मागणारा पर्यटक स्वतः चांगले जेवतोच, शिवाय लहान मच्छीमाराच्या मासळीला गिऱ्हाईकही मिळवून देतो. बोटभर लांबीची पिल्ले ताटात येत असतील, तर ती नाकारण्याचा अधिकारही त्याला आहे.

मासे न खाणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. सकाळच्या न्याहारीला घावणे किंवा आंबोळी, सोबत काळ्या वाटाण्याचे सांबार. फेब्रुवारीनंतरच्या दिवसांत ओल्या काजूगरांची उसळ. घरगुती ठिकाणी सांगून ठेवल्यास नारळाच्या गोड रसातील शिरवाळे, असे पदार्थ शहरात क्वचितच मिळतात. परतताना आले-गुळाचा पाक चढवलेला मालवणी खाजा, आगळ आणि मसाला घ्यावा.

दुसरा दिवस खाडीचा

दुसऱ्या दिवशी यादी आखूड ठेवावी. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर तारकर्ली आणि देवबाग वसले आहेत. देवबागला नदी-समुद्राचा संगम होतो. येथे होडीने खाडीत फिरावे, दुपारी विश्रांती घ्यावी आणि सूर्यास्ताला मालवणच्या रॉक गार्डनवर यावे. परतीच्या वाटेवर १५३० मध्ये बांधलेला धामापूरचा तलाव आणि काठावरचे भगवती मंदिर पाहता येते. सिंचनाचा वारसा म्हणून २०२० मध्ये या तलावाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

कसे आणि केव्हा जाल?

मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या एक्स्प्रेस सकाळी कुडाळला पोहोचते. तेथून मालवण सुमारे २८ किलोमीटर असून एसटी व रिक्षा मिळतात. पुण्याहून मोटारीने येणाऱ्यांना कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट, कणकवली हा मार्ग सोयीचा. राहण्यासाठी पर्यटन महामंडळाचे तारकर्ली येथील निवासस्थान, तसेच घरगुती निवास-न्याहारीच्या सोयी आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखद. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या यात्रेच्या दिवसांत मात्र गाड्या व खोल्या मिळणे कठीण होते. पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि जून-जुलैमध्ये मासेमारीवरही बंदी असते. ते दिवस माशांच्या विणीचे. समुद्राने घेतलेली ही सुट्टी पर्यटकानेही पाळावी, म्हणजे पुढच्या हंगामात ताट भरलेले मिळेल.