अकरा विधाने आणि एक आकडा

नेदरलँड्समधील जवळजवळ निम्मे प्रौढ नागरिक एकाकी आहेत, हे वाक्य गेल्या काही वर्षांत इथल्या वृत्तपत्रांतून, कचेऱ्यांतल्या कॉफीयंत्रांपाशी आणि आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतूनही पुष्कळदा फिरले. आपल्याकडे त्याला एक पुस्तीही जोडली जाते, 'यांच्याकडे माणसे असतातच कुठे?' आकडा खरा आहे. पुस्ती मात्र त्या आकड्यात कुठेच नाही, आणि आकड्याचा अर्थही वाटतो तितका सरळ नाही.

हा आकडा येतो इथल्या आरोग्य पाहणीतून. प्रादेशिक आरोग्य सेवा, सीबीएस ही राष्ट्रीय सांख्यिकी संस्था आणि आरआयव्हीएम ही सार्वजनिक आरोग्य संस्था मिळून ती करतात. 2020 साली तिला पाच लाखांहून अधिक लोकांनी उत्तरे दिली. या पाहणीनुसार 2016 मध्ये 43 टक्के प्रौढ एकाकी होते, 2022 मध्ये 49 टक्के. त्यांतले 'तीव्र एकाकी' 10 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर गेले. परंतु सीबीएस सामाजिक बंधांविषयी दरवर्षी एक स्वतंत्र, बरीच लहान पाहणीही करते. तिच्यात 2019 साली पंधरा वर्षांवरील 26 टक्के लोक काहीसे एकाकी आणि 9 टक्के तीव्र एकाकी आढळले, म्हणजे एकूण 35 टक्के. तोच देश, तीच काही वर्षे, आणि एवढी तफावत! यांपैकी कोणीही चुकलेले नाही. दोघांची मोजपट्टी एकाच घराण्यातली आहे. फरक इतकाच, की एकीत अकरा विधाने आहेत आणि दुसरीत सहा.

ही मोजपट्टी डच समाजशास्त्रज्ञ जेनी दे योंग खीरफेल्ड यांनी घडवली आणि 1985 मध्ये प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे, की 'एकाकी' हा शब्द तिच्या एकाही विधानात येत नाही. सरळ विचारले तर माणसे, विशेषतः पुरुष, एकाकीपणा कबूल करीत नाहीत, म्हणून वळसा घेतला आहे. रोजची गाऱ्हाणी सांगायला कोणी आहे का, ज्यांच्यावर पूर्ण भरवसा टाकावा अशी माणसे पुरेशी आहेत का, आत रितेपण जाणवते का, जवळच्या मित्राची उणीव भासते का, अशा आशयाची ती विधाने आहेत. उत्तरे तीनच: होय, थोडेफार, नाही. आणि खरी गोम या मधल्या उत्तरात आहे. गुण मोजताना 'थोडेफार' हे उत्तर एकाकीपणाच्या पारड्यात पडते. अकरापैकी तीन गुण झाले की माणूस 'एकाकी' आणि नऊ झाले की 'तीव्र एकाकी'. 'कसं काय चाललंय?' या प्रश्नाला जन्मभर 'चाललंय आपलं' म्हणणारा मराठी माणूस या पट्टीवर कुठे बसेल, याची कल्पना वाचकांनी करावी!

म्हणून पट्टी निकामी ठरत नाही. ती माणसांची संख्या मोजत नाही, तर आपल्याला हवी असलेली नाती आणि प्रत्यक्षात असलेली नाती यांमधले अंतर मोजते. रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये मांडलेला भेदही तिच्यात सामावला आहे. गोतावळा नसणे वेगळे आणि मनातले सांगायला एक माणूस नसणे वेगळे. पहिले दुःख ओळखी वाढवून हलके होते, दुसरे होत नाही. गणेशोत्सवात दोनशे माणसांत मिरवून घरी परतल्यावर जे वाटते ते या दुसऱ्या जातीचे असते.

संपर्काचे आकडे वेगळेच चित्र दाखवतात. दहांपैकी नऊहून अधिक डच लोकांचा कुटुंबीय, मित्र वा शेजारी यांच्याशी आठवड्यातून निदान एकदा संबंध येतो. प्रत्यक्ष भेट, फोन, संदेश सारे त्यात धरले जाते. माणसे आहेत. ती येतात मात्र वेळ ठरवून. आगाऊ न कळवता दार वाजवण्याची रीत इथे जवळजवळ नाही. वाढदिवसांची दिनदर्शिका संडासाच्या भिंतीवर टांगलेली असते, म्हणजे कोणाचा दिवस चुकू नये. वाढदिवसाला सारे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात आणि ज्याचा वाढदिवस त्याचेच नव्हे, त्याच्या आईवडिलांचे, भावंडांचेही अभिनंदन करतात. नव्याने आलेल्याला हे सारे कोरडे वाटते. मलाही वाटले होते. पण न विसरता, न चुकता येणे हीही आपुलकीच आहे, हे कळायला मला सहा वर्षे लागली.

या सवयींची नोंदही सरकारदरबारी आहे. सामाजिक व सांस्कृतिक नियोजन संस्थेने 1975 पासून वेळेच्या वापराची पाहणी सुरू केली. ऑक्टोबरातला एक आठवडा निवडलेल्या लोकांनी आपला दिवस पाव-पाव तासाने रोजनिशीत लिहायचा. 1996 च्या कायद्याने दुकानांच्या वेळा सैल केल्या, तेव्हा आता चोवीस तासांची अर्थव्यवस्था येणार असे भाकीत होते. रोजनिश्यांत ती काही आली नाही. देश सायंकाळी सहाच्या सुमारास जेवत राहिला. आक्रसला तो भेटीगाठींचा आणि गप्पांचा वेळ.

भारताची पहिली राष्ट्रव्यापी वेळ-पाहणी 2019 ची, दुसरी 2024 ची. त्याआधी 1998-99 मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या पाहणीत गप्पागोष्टी, सार्वजनिक कार्य आणि धर्माचरण यांचा मुख्य वर्ग एकच आहे. कट्ट्यावरची बैठक आणि काकडआरती एकाच रकान्यात! त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून 'आमच्याकडे माणुसकी जास्त' असा निवाडा देता येत नाही. त्याच पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला 299 मिनिटे जातात आणि पुरुषांची 97, असे दिसले. ज्या घरात पाहुण्यांची वर्दळ होती त्या घरात चहा कोण करीत होते, हे त्यावरून समजते.

मग या डच आकड्यांत आपण कुठे आहोत? जवळजवळ नाहीच. युरोपबाहेरून आलेल्यांत एकाकीपणा अधिक आढळतो, एवढे पाहण्या सांगतात, पण त्या गटात फार वेगवेगळे लोक एकत्र येतात. 1873 मध्ये लल्ला रूख जहाजातून सुरीनामला पोहोचलेल्या भारतीयांचे वंशज इथे सुरीनामी म्हणून मोजले जातात. आम्स्तलफेनमध्ये उच्चकुशल स्थलांतरित म्हणून आलेला संगणक अभियंता वेगळ्या रकान्यात जातो. शिवाय पाहण्यांना उत्तरे न देण्याचे प्रमाण स्थलांतरितांत अधिक असते. डच न येणारी आणि जोडीदाराच्या नोकरीमुळे इथे आलेली व्यक्ती तर सहज गळून जाते.

सरकारने 2018 मध्ये एकाकीपणाविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली. युम्बो या दुकानसाखळीने 2019 मध्ये घाई नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी गप्पांचा गल्ला उघडला, पुढे तो अनेक शाखांत नेला. उपक्रम चांगला आहे. त्याने वाइसच्या पहिल्या जातीवर फुंकर बसते. तीही डच येत असेल तर.

हा लेख लिहिण्यापूर्वी एका रविवारी मी ती अकरा विधाने मराठीत उतरवून स्वतःला लावून पाहिली. चार गुण आले. म्हणजे त्या 49 टक्क्यांत मीही. पत्नीने हसत हसत कागद ओढून घेतला. तिचे सात भरले. तिचा नाशिकच्या बहिणीशी रोज फोन असतो, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ती पुढे असते, आणि सात वर्षांत आमच्यात हा विषय एकदाही निघाला नव्हता. गरज पडेल तेव्हा हाक मारता येईल अशी माणसे आहेत का, या विधानापाशी ती थांबली. "गरज म्हणजे किती वाजता?" तिने विचारले. सकाळी दहाला मुले शाळेत असतात, मी कचेरीत. उन्हाळ्यात तेव्हा नाशिकला दीड वाजलेला असतो आणि बहीण बँकेत कामावर असते. मला उत्तर सुचले नाही. तिने त्या ओळीपुढे 'थोडेफार' लिहिले आणि पुढच्या विधानाकडे वळली.