चुलीच्या धुरातला खोकला
श्वासनलिकांच्या अस्तराला सूज येणे म्हणजे ब्राँकायटिस. त्याचा तात्कालिक प्रकार बहुधा विषाणुजन्य असतो. तो साधारणतः तीन आठवड्यांत ओसरतो. त्यावर प्रतिजैविके सहसा निरुपयोगीच. सलग २ वर्षे, दरवर्षी किमान ३ महिने कफयुक्त खोकला राहिल्यास मात्र तो विकार जुनाट ठरतो. त्याचे मूळ धूम्रपानात असते, तसे चुलीच्या धुरातही. लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात धुरक्याने हजारोंचे बळी घेतले, तेव्हा १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. जन्मभर चूल फुंकणाऱ्या गृहिणीने विडीला कधी स्पर्शही केलेला नसतो. तिचा खोकला ‘वयाचा’ म्हणून सोडून देणे हा अन्यायच होय. तिला औषधाइतकीच धूरमुक्त स्वयंपाकघराची निकड आहे.